उभ्या आसाची पवनचक्की आणि वऱ्हाडचा वारा



पवनचक्की म्हटली कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें उंच खांबावर बसविलेलें, तीन लांब पात्यांचें, वाऱ्याकडे तोंड करून फिरणारें यंत्र उभें राहतें. परतवाड्याहून घाट चढून चिखलदऱ्यास गेलेल्या मंडळींस हें दृश्य अपरिचित नाहीं. महाऊर्जेनें चालू शतकाच्या पहिल्या दशकांत तेथल्या मोथा गांवच्या पठारावर २ मेगावॅटचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला, तीं यंत्रें याच जातीचीं. त्यांचा आस जमिनीशीं समांतर, म्हणजे आडवा असतो. आज मला सांगावयाचें आहे तें मात्र उभ्या आसाच्या पवनचक्कीविषयीं.

उभा आस आपल्याला कांहीं नवा नव्हे. दळणाचें जातें आणि तेल्याचा घाणा हीं दोन्ही उभ्या खुंटाभोंवतींच फिरत आलीं आहेत. जात्याच्या खुंट्याजागीं उंच दांडा कल्पावा, त्याला दोन-तीन आडव्या भुजा जोडाव्यात आणि प्रत्येक भुजेच्या टोकाला एक उभें पातें बांधावें, म्हणजे या यंत्राचें स्थूल चित्र तयार झालें. त्याची सोय उघड आहे. वारा पूर्वेचा असो कीं पश्चिमेचा, यंत्राला तोंड वळवावें लागत नाहीं. आणि वीज करणारें जनित्र उंच टांगण्याऐवजीं खालीं, हाताशीं ठेवतां येतें. या दोन सोयींच्या जोरावर अशीं लहान यंत्रें घराच्या गच्चीसाठीं आणि शेताच्या बांधासाठीं विकावयास ठेविलेलीं आढळतात. विकत घेणाराचा प्रश्न एकच असतो: यांतून मला मिळणार किती?

या साध्या प्रश्नाचें उत्तर लोखंड कापण्यापूर्वीं कागदावर काढण्याची जी विद्या, तिला गणिती प्रतिमान बांधणें म्हणतात. लोखंडाच्या यंत्राऐवजीं समीकरणांचें यंत्र रचावयाचें, त्यांत वारा सोडावयाचा आणि शक्ति किती निघते तें पाहावयाचें. आडव्या आसाच्या यंत्रासाठीं हें काम पुष्कळ अंशीं सरळ आहे. उभ्या आसाच्या यंत्रानें मात्र गणित्यांस पन्नास वर्षें झुलविलें आहे, आणि त्यांना ज्या मोहानें वारंवार चकविलें तो सरासरीचा मोह होय.

प्रथम वाऱ्याकडेच पाहूं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यांतली शक्ति दुप्पट होत नाहीं, चौपटहि होत नाहीं. ती आठपट होते. कारण दुप्पट वेगाच्या वाऱ्यांत एका सेकंदाला दुप्पट हवा येते, आणि तिच्या प्रत्येक किलोमागें कार्यशक्ति चौपट असते. खळ्यावर तिवईवर उभा राहून ज्वारी उपणणाऱ्या शेतकऱ्यास हा घनाचा नियम नांवानें ठाऊक नसेल, पण वाऱ्याच्या थोड्याशा वाढीचें मोल तो नेमकें जाणतो. म्हणून तर वारा पडला कीं तो सूप खालीं ठेवून स्वस्थ बसतो. आतां समजा, अकोल्याजवळच्या एका माळावर अर्धा वेळ सेकंदाला २ मीटर आणि अर्धा वेळ ६ मीटर वेगाचा वारा वाहिला. सरासरी वेग ४ मीटर. चाराचा घन ६४. परंतु दोहोंचा घन ८ आणि सहांचा २१६, यांची सरासरी ११२ येते. सरासरी वेग घेऊन हिशेब करणाराच्या वहींतून पांचांपैकीं सुमारें दोन हिस्से शक्ति पहिल्याच पानावर गळून पडली! येथें चूक यंत्राच्या विरुद्ध झाली. पुढें ती यंत्राच्या बाजूनेंहि होते.

हवेच्या घनतेचाहि विचार करावयास हवा. यंत्रांच्या पत्रकांत ती घन मीटरला १.२२५ किलो धरलेली असते. हा समुद्रसपाटीवरचा, १५ अंश तपमानाचा आकडा. अकोलें समुद्रसपाटीपासून सुमारें २८० मीटरांवर, आणि मे महिन्याच्या दुपारीं तेथें पारा ४३ अंशांवर गेला म्हणजे हवेची घनता १.०७ च्या आसपास उतरते. चिखलदरा थंड खरा, पण त्याची उंची ११०० मीटरांच्या वर, त्यामुळें तेथेंहि पावसाळ्यांत ती १.०५ च्या जवळपासच भरते. म्हणजे वऱ्हाडच्या सपाटीवर काय किंवा मेळघाटाच्या माथ्यावर काय, पत्रकांतल्या शक्तीचा सातवा-आठवा हिस्सा वजा घालूनच बोलणीं सुरू करावींत.

बाकी राहिलेल्या शक्तीपैकीं यंत्राला किती घेतां येते? सगळी कधींच नाहीं. वाऱ्याचा सारा वेग काढून घेतला तर हवा यंत्राच्या पाठीमागें थिजून उभी राहील आणि नव्या हवेला वाटच उरणार नाहीं. जत्रेंत दरवाजाबाहेर पडलेले लोक तेथेंच थांबले म्हणजे आंतल्यांची जी गत होते तीच. मुळींच वेग काढला नाहीं तर मिळकत शून्य. या दोहोंच्या मध्यें सर्वांत लाभाची जागा कोणती, तें गटिंगेनच्या आल्बर्ट बेट्झ यांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केलेल्या गणितांत दाखविलें. पात्यांपाशीं वारा मूळ वेगाच्या दोनतृतीयांशावर यावा आणि पाठीमागें दूर एकतृतीयांशावर. तेव्हां सत्तावीस हिश्शांपैकीं सोळा, म्हणजे शेंकडा ५९ हून किंचित् अधिक शक्ति हातीं येते. हें गणित वाऱ्याच्या वाटेंत एकच पातळ चकती आहे असें मानून केलेलें आहे. उभ्या आसाच्या यंत्रांत वारा दोनदां पात्यांखालून जातो, समोरून शिरतांना एकदां आणि मागून निघतांना एकदां. एकामागें एक अशा दोन चकत्या मानल्या तर मर्यादा थोडी वर, शेंकडा ६४ वर जाते. प्रत्यक्षांत मात्र चांगल्यांतलीं चांगलीं यंत्रें ४० च्या आसपास थांबलीं आहेत, आणि लहान यंत्राला २५ मिळाले तरी तें चांगलें म्हणावें.

उभ्या आसाच्या यंत्रांत दोन कुळें आहेत आणि त्यांचा भेद ध्यानांत घेतल्यावांचून पुढचें गणित कळणार नाहीं. पहिलें कुळ वाऱ्याच्या ढकलण्यावर चालणारें. इराणांत खोरासान प्रांतीं नश्तीफान गांवच्या जुन्या पवनचक्क्या या कुळांतल्या. मातीच्या भिंतींमध्यें लांकडी फळ्यांचें उभें चक्र, आणि वाऱ्याविरुद्ध येणारी अर्धी बाजू भिंतीआड झांकलेली. खालीं पिठाचें जातें. फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनियस यांनीं १९२० नंतरच्या दशकांत पिंप उभें चिरून दोन अर्धीं एकमेकांपासून सरकवावींत तसें चक्र काढलें, तेंहि याच वंशाचें. तें बनविण्यास सोपें आणि मंद वाऱ्यांतहि आपण होऊन सुरू होणारें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत एस. पी. गोविंद राजू आणि रोद्दम नरसिंह यांनीं १९७९ सालीं पाणी उपसण्याच्या स्वस्त पवनचक्कीचा जो आराखडा मांडला त्यांत हेंच चक्र पत्र्याऐवजीं शिडाच्या कापडानें केलेलें होतें. परंतु ढकलण्यावर चालणारें पातें वाऱ्याहून फारसें पुढें धावूं शकत नाहीं, म्हणून या कुळाची मिळकत बेताचीच राहते.

दुसरें कुळ फ्रेंच इंजिनियर जॉर्ज दारियू यांचें. त्यांचें अमेरिकन पेटंट १९३१ चें. यांत पातें विमानाच्या पंखासारखें, पण दोन्ही बाजूंनीं सारख्याच फुगवट्याचें असतें. वाऱ्याशीं तें थोड्या कोनानें भिडलें कीं त्याच्यावर दोन जोर येतात. एक वाऱ्याच्या दिशेला काटकोनांत, त्याला आपण उचल म्हणूं. दुसरा वाऱ्याच्याच दिशेनें मागें खेंचणारा, त्याला ओढ म्हणूं. उचल ओढीच्या अनेक पट असते, आणि तिचा थोडासा भाग पात्याला पुढें रेटतो. यामुळें हें पातें वाऱ्याच्या चौपट-पांचपट वेगानें धावूं शकतें. आजचें सारें गणित मुख्यतः या कुळापुरतें आहे.

आतां खऱ्या अडचणीपाशीं येऊं. वऱ्हाडांत पावसाळ्यांत वाहतो तसा पश्चिमेचा वारा धरा आणि यंत्राकडे आभाळांतून पाहत आहोंत असें समजा. पातें उत्तरेकडून पश्चिमेला, तेथून दक्षिणेला आणि मग पूर्वेला, असें फिरत आहे. उत्तरेच्या कडेला तें वाऱ्याच्या थेट तोंडावर धावतें. तेथें कोन शून्य, उचल शून्य, नुसती ओढ. पश्चिमेच्या टोकाला तें वाऱ्याला आडवें कापतें आणि वारा त्याला बाहेरच्या अंगानें भिडतो. येथें सर्वांत मोठा रेटा. दक्षिणेच्या कडेला तें वाऱ्याच्या बरोबर धावतें. पुन्हां कोन शून्य. पूर्वेच्या टोकाला तें वाऱ्याला पुन्हां आडवें कापतें, पण या वेळीं वारा आंतल्या अंगानें भिडतो. एका फेऱ्यांत कोन शून्यावरून चढतो, उतरतो, उलट्या बाजूला चढतो आणि पुन्हां शून्यावर येतो. त्याची सरासरी काढाल तर ती शून्याजवळच येईल, आणि शून्य कोनावर गणित केलें तर यंत्र फिरतच नाहीं असें उत्तर मिळेल! तें फिरतें, याचें कारण दोन्ही बाजूंच्या कोनांत उचलीचा तो लहानसा भाग पात्याला पुढेंच रेटतो. आडव्या आसाच्या यंत्राचें पातें एकसारख्या वाऱ्यांत सर्व फेराभर जवळजवळ एकाच कोनानें चालतें. उभ्या आसाचें पातें एका क्षणाला असतें तसें दुसऱ्या क्षणाला नसतें.

हा कोन किती चढतो, हें पात्याचा वेग वाऱ्याच्या किती पट आहे यावर ठरतें. पातें वाऱ्याच्या दुप्पट वेगानें धावत असेल तर कोन ३० अंशांपर्यंत जातो. तिप्पट असेल तर साडेएकोणिसांपर्यंत. चौपट असेल तर साडेचौदांपर्यंत. पंखाच्या पाठीवरून हवा चिकटून वाहते ती साधारण बारा-पंधरा अंशांपर्यंतच. त्यापुढें ती पाठ सोडते, उचल कोसळते आणि ओढ वाढते. म्हणून दारियूचें यंत्र हळू फिरतांना दुबळें आणि वेगांत आल्यावर जोरकस असतें. पुष्कळदां त्याला हातानें किंवा विजेनें चालना द्यावी लागते.

ही कल्पना मध्यंतरीं जवळजवळ विस्मरणांत गेली होती. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेंत पीटर साउथ आणि राज रांगी यांनीं ती स्वतंत्रपणें पुन्हां शोधली, आणि मग गणिताची गरज लागली. त्याच परिषदेंतले टेंपलिन यांनीं १९७४ सालीं पहिलें सोपें प्रतिमान दिलें. त्यांची युक्ति सराफाच्या तराजूसारखी आहे. एका पारड्यांत वाऱ्याचा हिशेब: यंत्रांतून जातांना त्याचा वेग किती घटला, त्यावरून त्यानें किती जोर दिला. दुसऱ्या पारड्यांत पात्यांचा हिशेब: त्या घटलेल्या वाऱ्यांत फिरतांना पात्यांवर उचल आणि ओढ किती आली, तें पंखांच्या तक्त्यांवरून पाहावयाचें. दोन्ही जोर एकच असले पाहिजेत. म्हणून वेग इतका घटला असें अंदाजानें धरावें, दोन्ही पारडीं तोलावींत, एक खालीं गेलें तर अंदाज सुधारावा, आणि कांटा मध्यावर येईतों हेंच करीत राहावें. काम कंटाळवाणें खरें, पण गणकयंत्राला कंटाळा नाहीं.

टेंपलिन यांनीं साऱ्या यंत्रासाठीं वाऱ्याची घट एकच धरली होती. कडांना काय आणि मध्यावर काय, वारा सारखाच मंदावतो असें मानलें होतें. उत्तर ढोबळ मानानें बरें येई. पण कडांना पातें वाऱ्याला अडवीतच नाहीं आणि मध्यावर जोरानें अडवितें, हें त्यांत बुडून जाई. पुढच्याच वर्षीं, १९७५ मध्यें, अमेरिकेंतल्या स्ट्रिकलंड यांनीं वाऱ्याचे उभे पट्टे पाडले. वाफ्यांत पाणी सोडतांना प्रत्येक सरीचा हिशेब वेगळा असावा तसा प्रत्येक पट्ट्याला स्वतःचा तराजू. यांत आडव्या दिशेची सरासरी मोडली. पण एकाच पट्ट्यांत पुढचें आणि मागचें पातें अजून एकाच वाऱ्यांत उभें होतें. ती उरलेली सरासरी माँट्रियलच्या पारास्किवोयु यांनीं १९८१ च्या सुमारास मोडली: प्रत्येक पट्ट्याचे दोन भाग, पुढल्या भागांतून मंदावून निघालेला वारा हाच मागल्या भागाला मिळणारा वारा.

याचा परिणाम किती मोठा होतो तें लहानशा आकड्यांनीं दाखवितों. वारा सेकंदाला ६ मीटर, पात्याचा वेग २४ मीटर. पश्चिमेच्या टोकापाशीं वारा ५ मीटरांवर आला असें समजा. तेथें पात्याला कोन मिळतो जवळजवळ १२ अंशांचा. पूर्वेच्या टोकाला पोहोंचेपर्यंत तोच वारा साडेतीन मीटरांवर उतरला. तेथें कोन सव्वाआठ अंशांचा. पुढें रेटणारा जोर या लहान कोनांत कोनाच्या वर्गाप्रमाणें बदलतो. वर्ग करून पाहा: मागच्या टोकाचा रेटा पुढच्याच्या निम्माच भरतो. एकाच चक्राचीं दोन टोकें, आणि एक दुसऱ्याच्या निम्म्या पगारावर! जें गणित दोघांना सारखें धरतें तें एकूण शक्ति कदाचित् बरोबर सांगेल, पण पात्यावर कोणत्या क्षणीं किती ताण येतो हें त्याला कधींच सांगतां येणार नाहीं.

पट्ट्यांच्या पद्धतीचीहि एक सीमा आहे. पातीं रुंद आणि पुष्कळ असलीं, म्हणजे चक्र फार भरीव झालें, कीं वारा यंत्रांतून जाण्याऐवजीं बाजूनें वळून जातो आणि तराजूचें मूळ समीकरणच लंगडें पडतें. तेथें प्रयोगांवरून काढलेली दुरुस्ती जोडावी लागते. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. पंखाचे तक्ते पंख स्थिर धरून केलेले असतात, आणि आपलें पातें तर कोन सारखा बदलीत असतें. कोन भराभर वाढला तर हवा पाठ सोडण्यास उशीर करते. क्षणभर उचल तक्त्यांतल्या आकड्याच्याहि वर चढते, मग एक मोठा भोंवरा सुटून जातो आणि ती धाडकन् खालीं येते. हेलिकॉप्टरच्या पात्यांसाठीं गॉर्मॉन्ट यांनीं १९७३ सालीं बसविलेली दुरुस्ती या कामीं उसनी घेण्यांत आली, आणि पुढें पवनचक्कीसाठीं ती सौम्य करावी लागली. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेनें १९८१ सालीं समअंगी पंखांचे १८० अंशांपर्यंतचे तक्ते प्रसिद्ध केले. विद्यार्थी अजूनहि तेच वापरतात. त्यांतला कांहीं भाग मोजलेला आणि कांहीं गणितानें भरलेला आहे, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. शिवाय मोठ्या, वेगवान पात्याचा तक्ता वीतभर रुंदीच्या पात्याला लावणें म्हणजे बैलाचें जूं शेळीच्या मानेवर ठेवणें. लहान पात्यावर हवेचा चिकटपणा अधिक भारी पडतो. तेथें उचल कमी आणि ओढ जास्त.

याहून सूक्ष्म पद्धतीहि आहेत. एका पद्धतींत प्रत्येक पात्यामागें सुटणाऱ्या भोंवऱ्यांची माळ मोजली जाते. १९७९ पासून तिचा उपयोग होत आला आहे. दुसरींत यंत्राभोंवतींच्या हवेचे लाखों लहान कप्पे पाडून प्रत्येकांतला दाब आणि वेग सोडविला जातो. पट्ट्यांचें गणित साध्या गणकयंत्रावर डोळ्याची पापणी लवते न लवते तोंच होतें, तर कप्प्यांच्या गणिताला दिवस लागतात. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठांत तयार झालेल्या क्यूब्लेड नांवाच्या आज्ञावलींत पट्ट्यांची दुहेरी पद्धति तयारच मिळते, आणि अमरावतीच्या किंवा शेगांवच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला ती घरीं बसून चालवितां येईल. कप्प्यांचें गणित अधिक खर्चाचें म्हणून अधिक खरें, असा समज मात्र करून घेऊं नये. वेळ वाचविण्यासाठीं पुष्कळदां यंत्राचा एक आडवा काप घेऊनच तें केलें जातें. त्यांत पात्यांच्या टोकांवरून निसटणारी हवा नसते, भुजांची ओढ नसते, आणि म्हणून उत्तर वास्तवाहून भरघोस येतें. पत्रकांत डोळे दिपविणारा गुणांक दिसला तर तो मोजलेला आहे कीं काढलेला, आणि काढलेला असेल तर भुजा धरून कीं सोडून, एवढें विचारावें. उत्तर देण्यास विक्रेता किती वेळ घेतो यावरूनहि कांहीं समजतें.

शक्तीची सरासरी बरोबर आली तरी भागत नाहीं, हें मोठ्या यंत्रांनीं शिकविलें. कॅनडांत क्वेबेक प्रांतीं काप-शा येथें १९८० नंतरच्या दशकांत 'इओल' नांवाचें प्रचंड यंत्र उभें राहिलें. दोन वांकडीं पातीं, चक्राची उंची ९६ मीटर, रुंदी ६४ मीटर, आराखडा सुमारें ४ मेगावॅटचा. दोनच पातीं समोरासमोर असल्यामुळें दोघांनाहि रेटा एकाच क्षणीं मिळतो आणि दोघेहि एकाच क्षणीं रिकामे होतात. फेऱ्यांत दोनदां सारें यंत्र ताणलें जातें आणि दोनदां सैल पडतें. त्या साऱ्या चक्राचें ओझें तळाच्या बेअरिंगवर होतें. १९९३ सालीं तें बेअरिंग निकामी झालें आणि यंत्र थांबलें तें कायमचें. कॅलिफोर्नियांत फ्लोविंड कंपनीनें त्याच दशकांत ५०० हून अधिक दारियू यंत्रें उभारलीं. त्यांच्या अल्युमिनियमच्या पात्यांना थकव्याचे तडे गेले. तार एकदां वांकवून तुटत नाहीं, पुनःपुन्हां वांकवून तुटते, हें लहान मुलालाहि ठाऊक आहे. म्हणून प्रतिमानाकडून सरासरी शक्तीपेक्षां क्षणाक्षणाचा ताणच आधीं मागून घ्यावा, असें माझें मत आहे. दोन पात्यांऐवजीं तीन घेतलीं तर धक्के वांटले जातात आणि आसाचें फिरणें पुष्कळ सारखें होतें, हेंहि त्याच हिशेबांतून कळतें.

कॅनडांतलीच आणखी एक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. मॅग्डालेन बेटांवर १९७७ सालीं असेंच एक यंत्र उभारलें होतें. दारियूचें चक्र आपण होऊन सुरू होत नाहीं, हा तेव्हांचा सर्वमान्य समज. १९७८ च्या जुलैंत दुरुस्तीसाठीं त्याचा ब्रेक सोडवून ठेवला होता. रात्रीं वारा वाढला, चक्र आपण होऊनच फिरूं लागलें, त्याला आवरणारें कांहींच नव्हतें, आणि अखेर तें कोसळून मोडलें. सरासरी वाऱ्यांत सुरू न होणारें यंत्र झोताच्या वाऱ्यांत सुरू होऊं शकतें, याचा याहून महागडा पुरावा क्वचितच कोणी दिला असेल!

आतां हें सारें घेऊन आपल्या भागांत उतरूं. एक लहान यंत्र धरा: ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच, म्हणजे वाऱ्यासमोर ९ चौरस मीटर. हवेची घनता १.१ धरूं आणि गुणांक शेंकडा २५. सेकंदाला ६ मीटर वाऱ्यांत समोर येणारी शक्ति सुमारें १०७० वॅट, पदरीं पडणारी २६७ वॅट. विहिरीचें पाणी १० मीटर खोल असेल आणि पंप निम्मी शक्ति गिळत असेल, तर तासाला सुमारें ४९०० लिटर पाणी वर येईल. हें वाईट नव्हे. पण वारा ३ मीटरांवर आला कीं पदरांत ३३ वॅट आणि तासाला जेमतेम ६०० लिटर. तेंहि यंत्र त्या वाऱ्यांत सुरू झालें तर. आणि ६ मीटर वाऱ्यांत हें चक्र वाऱ्याच्या चौपट वेगानें, मिनिटाला सुमारें १५० फेरे घेत असतांना ३ किलोच्या पात्याला बाहेर खेंचणारा जोर ११७ किलोंच्या वजनाइतका असतो. गच्चीवर असें यंत्र बसविणारानें मिळकतीच्या आधीं पात्यांच्या बोल्टांकडे पाहावें. गच्चीचा वारा तर शेजारच्या इमारतींवर आपटून आलेला, तुटक आणि गरगरता. त्याची दिशा कोणतीहि चालते हें खरें, पण त्यांतला जोर आधींच खर्ची पडलेला असतो.

वर्षाची सरासरी ही आणखी एक फसवणूक. आपल्याकडे जोरकस वारा जून ते ऑगस्ट या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळांत असतो. तेव्हां शेताला आभाळच पाणी देतें. रब्बीच्या हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी हवें असतें तें पुढल्या महिन्यांत, जेव्हां वारा पडलेला असतो. वर्षाची एकूण वीज वर्षाच्या एकूण गरजेशीं जुळली तरी महिन्याचा मेळ बसत नाहीं. त्यांतून अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या कांठीं पसरलेला जो खारपाणपट्टा, तेथें जमिनींतलें पाणीच खारट. तें कितीहि स्वस्तांत उपसलें तरी पिकाच्या कामाचें नाहीं. उन्हाळ्यांतल्या शक्तीपुरतें बोलावयाचें तर ९ चौरस मीटरांच्या सौर तावदानांतून भर दुपारीं दीड हजार वॅटहून अधिक शक्ति मिळते, आणि त्यांत मोडण्यासारखें फिरतें कांहीं नाहीं. पवनचक्कीचा पक्ष उरतो तो ढगाळ पावसाळ्याचा, रात्रीचा आणि मेळघाटच्या उघड्या कड्यांचा. तेथें, जेथें वाऱ्याची दिशा डोंगरांमुळें घडोघडीं फिरते, उभ्या आसाच्या यंत्राचा विचार गंभीरपणें करावा असें मला वाटतें. पण विचार म्हणजे आधीं मोजणी.

मोजणीचें साधनहि उभ्या आसाचेंच आहे. आयर्लंडांतल्या आर्मा येथील वेधशाळेचे रॉबिन्सन यांनीं १८४६ सालीं चार वाट्यांचा वेगमापक केला. त्याच जातीचे वाट्यांचे वेगमापक पुढें जगभरच्या वेधशाळांवर पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले. असा एक मापक जेथें यंत्र उभारावयाचें त्याच जागीं, त्याच उंचीवर वर्षभर ठेवावा. दर दहा मिनिटांचा एक, असे वर्षाचे ५२,५६० आकडे जमतात. ते सर्व प्रतिमानांत एकेक करून घालावयाचे असतात, आणि प्रत्येकाचा घन वेगळा करावयाचा असतो.